वरचं एक बोट

सर्वण गावच्या जयराम च्याऱ्याने, म्हणजे सुताराने, केलेल्या कुठल्याही दाराला टेप लावून बघा. सात फूट सांगितलेलं दार सात फूट आणि एक बोट भरेल. रुंदी तीन फूट सांगितली असेल तर तीन फूट आणि एक बोट. बोट म्हणजे जयरामची स्वतःची तर्जनी, आडवी. चाळीस वर्षं रंधा मारून मारून ती आता सव्वादोन सेंटिमीटर रुंद झाली आहे. टेप जयरामकडे आहे, नाही असं नाही. पण टेपला तो सरपंचासारखं वागवतो. मान देतो, खुर्ची देतो, आणि शेवटी आपल्याला हवं तेच करतो.

आम्ही त्याचे शेजारी, आणि आमच्या घराचं पुढचं दार त्यानेच केलं. मी शहाणपणाने टेप लावली.

"जयराम, सात फूट ठरलं होतं."

"सातच आसा."

"मग हे वर काय आहे?"

"तां देवाचा बोट."

"देवाने मागितलं होतं?"

जयरामने रंधा खाली ठेवला. त्याने रंधा खाली ठेवला की समोरच्याने बसायला काहीतरी शोधावं. "माणूस घरात रिकामो येता काय? डोक्यार कायतरी घेऊन येता, खांद्यार घेऊन येता, काखेत घेऊन येता. तुमी माप धरलास माणसाचा. तो घेऊन येता तेचा माप कोण धरतलो?"

पंधरवड्याने बायकोच्या माहेरून कपाट आलं. ते दारातून आत गेलं तेव्हा दोन्ही बाजूंना मिळून एका बोटाची जागा होती. त्या दिवसापासून आमच्या घरात जयरामचा शब्द माझ्या शब्दाच्या एक बोट वर आहे.

त्याचा दुसरा नियम चौकटीचा. घर कुणाचंही असो, काम चौकटीपासून सुरू करायचं. चौकट उभी करायची, तिला हळद-कुंकू लावायचं, आंब्याच्या पानांचा टाळ बांधायचा, आणि भिंती मग तिच्या मापाने यायच्या. आणि एकदा हळद लागली की त्या चौकटीला करवत लावायची नाही. हा नियम त्याच्या बापाचा, आणि बापाने तो त्याला रंध्याच्या दांड्याने शिकवलेला, त्यामुळे तो विसरण्याची सोय नाही.

जयरामची बहीण यशोदा पेडण्याला दिलेली. तिची मुलगी गौरवी पणजीला आर्किटेक्चर शिकते. चौथ्या वर्षाला आहे. म्हणजे, दुसऱ्यांदा चौथ्या वर्षाला आहे. पेडण्यात दशावताराच्या मंडळींसाठी एक नाटकघर बांधायचं, असा तिचा प्रकल्प. गेल्या वर्षी तिने त्याचा पुठ्ठ्याचा नमुना नेला, तीन परीक्षक मेजाभोवती उभे राहिले, आणि त्यांतल्या पांढऱ्या मिशीच्या परीक्षकांनी शेरा दिला: "इमारत नीटनेटकी आहे. पण इथे कोण येणार ते दिसत नाही." झालं. वर्ष परत.

यंदाही परत पाठवलं तर पुढे शिकवायचं नाही, हे यशोदेने ठरवून टाकलं होतं. मोपाच्या विमानतळाजवळच्या एका हॉटेलात स्वागताला मुली हव्या आहेत, ही बातमी ती गेले दोन महिने रोज दुपारी भातावर कढीसारखी वाढत होती. गौरवी जेवायची, पण कढी घ्यायची नाही.

परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी ती मामाकडे आली. हातात मापांचा कागद.

"मामा, मला अकरा चौकटी हव्यात. लाकडाच्या. बाकी सगळं मी पुठ्ठ्याचं करीन, पण दारं खरी वाटली पाहिजेत. कोण येणार ते दारातच दिसतं ना."

"कितीची?"

"प्रमाण शंभरास एक. म्हणजे खरं दार दोन मीटर उंच असेल तर हे दोन सेंटिमीटर."

"जातला," जयराम म्हणाला.

जातला म्हणजे होईल. जयरामने आयुष्यात या शब्दाशिवाय दुसरं उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नाही. देवळाचा रथ दुरुस्त करायचा? जातला. मोडलेल्या कदेलीचा, म्हणजे खुर्चीचा, चौथा पाय? जातला. फक्त घरातल्या पाटाचा एक पाय गेली चार वर्षं आखूड आहे, आणि त्याबद्दल त्याच्या बायकोने, सुमंगलामामीने, विचारलं की जयरामला ऐकू येत नाही.

गौरवी नकाशे पुरे करायला पेडण्याला गेली आणि सोमवारी सकाळी परत आली. मामाच्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या मेजावर अकरा चौकटी ओळीने उभ्या होत्या. जुन्या फणसाच्या लाकडाच्या, सोन्यासारख्या पिवळ्या. प्रत्येकीच्या कपाळपट्टीवर नखाएवढं कमळ कोरलेलं, आणि खाली सुमंगलामामीने आगपेटीच्या काडीने लावलेले हळद-कुंकवाचे ठिपके.

"मामा! किती सुंदर रे!" गौरवीने चौकट उचलली, डोळ्यासमोर धरली, आणि मग पिशवीतून पट्टी काढली. पट्टी लावली. परत लावली. पट्टी उलटी करून लावली.

"मामा, ही कुणाची दारं?"

"कुणाची म्हणजे? तुजी."

"माझी दोन सेंटिमीटरची होती. ही सव्वाचार आहेत."

"दोनाचीच आसत," जयराम अभिमानाने म्हणाला. "वर बोट दिलंय."

गौरवी हळूच भुशाच्या पोत्यावर टेकली.

"मामा, इथे सगळंच शंभर पट लहान आहे. तुझं बोट तेवढं लहान झालं नाही. हे दार खऱ्यात सव्वाचार मीटरचं झालं. यातून माणूस नाही, हत्ती जाईल. वर अंबारी ठेवून."

जयरामने जरा विचार केला. "मगे वायट काय? नाटकात हत्ती नसता?"

"दशावतारात नसतो!"

"आणलो तर?"

आतून सुमंगलामामी चहा आणि उंडे घेऊन आली. उंडा म्हणजे सकाळी पोदेर दारात देऊन जातो तो कडक पाव, आणि मामीच्या मते जगातली कुठलीही अडचण तो चहात बुडवण्याइतका वेळ थांबू शकते. पण तेवढ्यात गौरवीने मेजावरची बारीक करवत उचलली.

"गो! हळद लागली तेका!" मामी ओरडली. कपातला अर्धा चहा बशीत आला. "खाली ठेव पयली ती करवत!"

"मामी, शुक्रवारी सकाळी दहाला परीक्षकांची ज्यूरी आहे. आज सोमवार आहे. हे सगळं मला निम्म्याने कापायचं आहे."

"चौकट कापीत नाय," जयराम शांतपणे म्हणाला. "नवी करून देतंय. दोनाची. बोट न देता." हे शेवटचे तीन शब्द बोलताना त्याला काय झालं असेल ते त्याच्या बापालाच ठाऊक.

त्याने फणसाची काडी घेतली आणि बारावी चौकट करायला बसला. त्या बोटांत ती काडी म्हणजे रेड्याच्या शिंगात अडकलेली सुई. पहिली काडी उभी चिरली. दुसरी पटाशी लागताच उडाली आणि चहात पडली. तिसरी जमत आली होती, पण जयरामने समाधानाचा श्वास सोडला आणि ती कुठे गेली ते आजवर सापडलेलं नाही.

"पाटाचो पाय केलो असतो तर आता हात बसलेलो असतो," सुमंगलामामी म्हणाली.

जयरामला ऐकू आलं नाही. तो अकरा चौकटींकडे बघत बसला. गौरवी खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि तिची पाठ रडत नाही आहे असं दाखवायचा प्रयत्न करत होती. पाच मिनिटं कारखान्यात कुणी 'जातला' म्हटलं नाही. शेजारी आमच्या अंगणात बसलेला मी तर उठून कुंपणापाशीच गेलो.

मग जयरामने मेजावर तळहात आपटला. अकरा चौकटींनी एकदम उडी मारली.

"बाय, चौकट आधी की घर आधी?"

"काय?"

"आमी घर बांधतव तेव्हा पयली काय उभी करतव?"

"चौकट."

"आणि भिंती कोणाच्या मापान येतत?"

"चौकटीच्या."

"मगे रडतंस कित्याक? दार मोठा झाला? घर मोठा कर!"

गौरवी आधी हसली. हसता हसता थांबली. मग तिने पट्टी घेतली, कागद घेतला आणि पेन्सिल दातात धरली. प्रमाण शंभरास एकऐवजी पन्नासास एक केलं, म्हणजे सगळा नमुना दुप्पट केला, तर सव्वाचार सेंटिमीटरचं दार खऱ्यात दोन मीटर आणि वर साडेबारा सेंटिमीटर होत होतं. माणसाचं दार. थोडं उंच, पण माणसाचं.

तिने तिथूनच सरांना फोन लावला. सर म्हणाले, पन्नासाचं चालेल, कुणी अडवणार नाही. पण शुक्रवारी दहाला मेजावर हवं, एक मिनिट उशीर नको. आणि चार दिवसांत एवढं मोठं कसं होणार ते तुझं तू बघ.

"मामा, चार दिवसांत दुप्पट मोठं होईल?"

"जातला," जयराम म्हणाला, आणि मेजावरचा चहात बुडालेला उंडा शेवटी खाल्ला.

चार फूट लांब, तीन फूट रुंद अशी फळी मांडली. तिच्यावर आधी अकरा चौकटी उभ्या राहिल्या, नुसत्याच, भिंती नसलेल्या. लग्नाला फार लवकर आलेल्या पाहुण्यांसारख्या. मग गौरवी पुठ्ठा कापायची आणि जयराम चिकटवायचा. पहिल्या दिवशी दोघांचं जे भांडण झालं ते डिंकावरून. गौरवी थेंबाथेंबाने लावायची, जयराम पोळीला तूप लावावं तसा. मंगळवारी दोघांनी एकमेकांच्या भिंती तपासल्या. गौरवीच्या दोन भिंती पडल्या. त्यानंतर डिंक मामाकडे राहिला.

छपराचं काय करायचं हा प्रश्न रंध्याने सोडवला. फणसाच्या लाकडावर रंधा फिरला की पातळ, गोल वळलेले छिलके पडतात. गौरवीने एक उचलला आणि बघतच राहिली. हुबेहूब नळा, छपरावरचं गोल कौल. मग बुधवारभर जयराम नुसता रंधा मारत होता आणि गौरवी ते छिलके सारख्या लांबीचे कापून छपरावर शाकारत होती. रस्त्याने जाणाऱ्याने विचारलं, जयरामा, काय करतंस? जयराम म्हणाला, नळे पाडतंय. तो माणूस जरा लांबून गेला.

त्याआधी मंगळवारी दुपारी मुकुटाचा विषय निघाला होता. जयराम सातव्या चौकटीच्या बाजूची भिंत बसवत होता.

"ह्या दार खंयचा?"

"रंगपटातून रंगमंचावर जायचं. नट सजून याच दारातून बाहेर येतात."

"तेचा खरा माप किती धरलेलंस?"

"दोन मीटर. पुस्तकात तेवढंच असतं."

"आणि मुकुट?"

गौरवीच्या हातातली कात्री थांबली.

"दशावतारातलो राजा बघलंस ना? डोक्यार वीतभर मुकुट, वर तुरो. तुज्या पुस्तकातल्या दारातसून तो येतलो कसो? वाकान? राजा वाकान इलो तर लोक तेका राजा म्हणतले की उंदीर?"

गौरवीने कात्री खाली ठेवली. लहानपणापासून पेडण्याच्या देवळापुढे तिने डझनभर राजे बघितले होते. त्यांच्या मुकुटाचं माप घ्यावं असं कधी सुचलं नव्हतं. तिने कागदावर पाच फूट आठ इंचांचा माणूस काढला, त्याच्या डोक्यावर मुकुट काढला, आणि पट्टी लावली. दोन मीटरच्या दारात तुरा मोडत होता. दोन मीटर साडेबारात तो दिमाखात जात होता. तिने ती आकृती मोठ्या नकाशाच्या कोपऱ्यात नीट काढून ठेवली आणि मामाकडे बघितलं. मामा डिंक लावत होता. पोळीला तूप.

गुरुवारी सगळं उभं राहिलं, आणि तरी काहीतरी कमी होतं. नाटकघर होतं, पण माणसं नव्हती. बाजारात प्लास्टिकची माणसं मिळतात, पण ती सुटाबुटातली आणि हातात बॅग घेतलेली. दशावताराला तसं कोण बसतं? तेवढ्यात सुमंगलामामी देवाच्या फुलवातींचं ताट घेऊन आत आली आणि गौरवीचा डोळा त्या ताटावर पडला. फुलवात मांडी घालून बसलेल्या माणसासारखी दिसते. खाली गोल बैठक, वर डोकं. उंचीही मापात.

"मामी, मला दोनशे हव्यात."

"देवाक?"

"नाटकाला."

मामीने दोनशे दहा वळल्या. "दोनशे म्हटल्यार धा उशिरा येतत," ती म्हणाली. पुढच्या रांगेत तिने तीन लहान वाती बसवल्या, आणि एक वात मुद्दाम आडवी ठेवली. नाटकात कुणीतरी झोपलेला असतोच. वाती डिंकाने चिकटवल्या तर पिवळ्या पडतील म्हणून नुसत्या मांडल्या. हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

शुक्रवारी सकाळी साडेसातला बाबली टेंपो घेऊन हजर. बाबली दोडामार्गचा. खाणी चालू होत्या तेव्हा खनिजाचा ट्रक चालवायचा, आता टेंपो चालवतो. जयरामने एक बाजू धरली, बाबलीने दुसरी. नाटकघर कारखान्याच्या दारातून निघालं. तीन फुटांची फळी, आणि जयरामच्या हातचं दार तीन फूट आणि एक बोट. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं बोट ठेवून नाटकघर बाहेर आलं. जयरामने आमच्याकडे बघितलं. काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

"बाबल्या, सावकाश. आत दोनशे धा माणसां आसत," तो म्हणाला.

"वीस वर्सां दगड व्हायलंय, एक पडलो नाय," बाबली म्हणाला. "तुज्या वाती पडतल्यो?"

त्याने टेंपो असा नेला की म्हापशाच्या अलीकडे एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं, आणि वळून बघत टाकलं. पण साडेनऊला कॉलेज आलं आणि एकही वात हलली नव्हती. आडवी झोपलेलीसुद्धा झोपूनच होती.

परीक्षेच्या दालनाशी मात्र सगळे थांबले. दालनाचं दार तीन फुटांचं. बरोबर तीन फुटांचं, आणि उघडलेल्या दाराची फळी त्यातलीच एका बोटाची जागा खाऊन उभी. नाटकघर जाईना. तिरकं करावं तर दोनशे दहा प्रेक्षक अंगणात. दहाला वीस मिनिटं कमी होती.

"मामा..." गौरवी म्हणाली. गेल्या वर्षीचं सगळं तिच्या तोंडावर परत आलं होतं.

"बाय, धर." जयरामने आपली बाजू तिच्या हातात दिली आणि खांद्यावरची पिशवी उघडली. भाचीच्या परीक्षेला येताना जयराम च्यारी पटाशी, हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला होता. कशाला, असं कुणी विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता.

त्याने दाराच्या बिजागऱ्या खोलायला घेतल्या. कॉलेजचे शिपाई बाबुराव धावत आले.

"ओ काका! काय करता हे? सरकारी दार आहे!"

"माका ठावक आसा. सरकारी आसा म्हणानच तेका बोट नाय."

"काढता येणार नाही! परवानगी लागते!"

"ह्या दार तुमका लागता काय नीट? खरां सांगा."

बाबुरावांनी इकडेतिकडे बघितलं. "नाही हो. पावसाळ्यात खांद्याने लोटावं लागतं."

"मगे धरा हय. लावताना नीट लावन देतंय."

दार आणि बाबुराव बाजूला झाले. फळीने खाल्लेली जागा परत मिळाली आणि नाटकघर चौकटीच्या दोन्ही कडांना कुरवाळत आत गेलं. मेजावर टेकलं तेव्हा दहाला चार मिनिटं होती. पाठी वळून बघितलं तर पांढऱ्या मिशीचे परीक्षक बाहेर उभे होते, आणि किती वेळ उभे होते ते देव जाणे.

ते आत आले. नाटकघराभोवती दोनदा फिरले. वाकून फुलवातींकडे बघितलं. आडव्या वातीपाशी थांबले. "हे पडलं आहे?"

"नाही सर. झोपलाय."

मिशी हलली. मग त्यांनी सातव्या चौकटीवर पट्टी लावली.

"दोन मीटर साडेबारा? हे कसलं माप? कुठल्या पुस्तकात आहे?"

जयराम दाराबाहेर बिजागऱ्या पुसत होता. त्याचा हात थांबला. गौरवीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मग परीक्षकांकडे.

"पुस्तकात नाही सर. दोन मीटर माणसाचे. वरचे मुकुटाचे. राजा वाकून रंगमंचावर येत नाही." तिने नकाशाच्या कोपऱ्यातली आकृती दाखवली. "गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, इथे कोण येणार ते दिसत नाही. मी तेव्हा फक्त माणसाचं माप घेतलं होतं, सर. माणूस काय घेऊन येतो त्याचं घेतलं नव्हतं."

पुढचा पाऊण तास ती बोलत होती. कुणीही घड्याळ बघितलं नाही. बाहेर दार परत लागलं होतं आणि बाबुराव ते करंगळीने उघडून करंगळीने लावत होते. पुन्हा पुन्हा, चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद. शेजारच्या दालनाचं दारही जरा बघता का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि जयरामने काय उत्तर दिलं ते सांगायला नको.

निकाल संध्याकाळी लागला. गौरवीने बाबलीच्या टेंपोतूनच यशोदेला फोन केला, आणि पलीकडून जे ऐकू आलं त्यात हॉटेल हा शब्द नव्हता. सर्वणला पोचले तेव्हा सुमंगलामामी दारात उभी होती.

"काय झाला गो?"

"पास, मामी! पाचव्या वर्षाला गेले!"

"मार्क किती?" जयरामने विचारलं. दिवसभर त्याला हा प्रश्न विचारायचा होता, पण पणजीला असले प्रश्न विचारतात की नाही ते ठाऊक नव्हतं.

"एकसष्ट."

जयराम पायरीवर बसला आणि समाधानाने चपला काढल्या.

"साठ तुजे," तो म्हणाला. "वरचो एक माजो."